ऐन उन्हाळ्यात प्राचीन अवशेष पाहायला जाताना: दिवसाची आखणी सावलीवरून करावी

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सुटी ऐन उन्हाळ्यातच मिळते आणि ती पुढेमागे करता येत नाही. सोबत सत्तरी ओलांडलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आई आहेत आणि दहा वर्षांचा मुलगा आहे. उघड्यावर पसरलेल्या प्राचीन नगरांचे आणि मंदिरांचे अवशेष पाहण्याची मनापासून इच्छा आहे. मग जावे की नाही, आणि जायचे झाल्यास दिवस कसा आखावा?

पर्यटकांचे लहानमोठे गट अशा स्थळांवर घेऊन जाणे हेच माझे काम असल्यामुळे हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि माझे उत्तर सहसा ‘जावे’ असेच असते. मात्र आखणीची सुरुवात वास्तूंच्या यादीपासून करू नये. सावली कुठे आहे, ती किती वाजेपर्यंत टिकते आणि परतीची वाट चढाची आहे की उताराची, या तीन गोष्टी आधी ठरवाव्यात आणि त्यांत जेवढ्या वास्तू बसतील तेवढ्याच पाहाव्यात. उन्हाळ्यात आपल्याजवळ वेळ भरपूर असतो, कारण दिवस मोठा असतो. कमी असते ती शरीराची स्वतःला थंड ठेवण्याची क्षमता. ती संपत आली की सर्वांत आधी लक्ष उडते, आणि लक्ष उडालेल्या माणसाला समोरचे भग्न जोते आणि दगडांचा ढीग यांत काही फरक दिसत नाही. म्हणून ही काळजी प्रकृतीसाठी जेवढी आवश्यक आहे तेवढीच ती पाहण्यासाठीही आहे.

अवशेषांच्या जागी ऊन जास्त का जाचते, हे आधी समजून घेणे उपयोगी पडेल. वास्तूचे जे भाग सावली देतात तेच काळाच्या ओघात प्रथम नाहीसे होतात. छत, लाकडी इमला, पडव्या, झाडे हे सारे जाते आणि जोती, फरसबंदी, खांबांचे बुंधे हे ऊन साठवून ठेवणारे भाग मागे उरतात. हंपीचा राजवाड्यांचा परिसर याचे उत्तम उदाहरण आहे. तेथील महालांचे इमले लाकडी असल्यामुळे आज तेथे उघडी जोतीच दिसतात, तर दगडी छतांच्या मंदिरांचे मंडप मात्र उभे आहेत. म्हणजे एकाच स्थळी भाजून काढणारा भागही आहे आणि भर दुपारी टेकता येईल असा भागही आहे. उत्खननात उघड्या झालेल्या नगरांत आणखी एक अडचण असते. तेथील रस्ते भोवतालच्या जमिनीपेक्षा खाली असतात, दोन्ही बाजूंना भिंती असतात आणि त्यामुळे वारा लागत नाही. मोकळ्या मैदानात सुसह्य वाटणारे तापमान अशा गल्लीत असह्य होते.

आता हवामानाच्या अंदाजाकडे कसे पाहावे ते सांगतो. अंदाजात दिलेले तापमान सावलीत, हवा खेळती असलेल्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजलेले असते. तुम्ही तापलेल्या फरशीवर भर उन्हात उभे असता तेव्हा शरीराला जाणवणारी उष्णता त्याहून बरीच अधिक असते. थेट उन्हामुळे जाणवणारे तापमान ८ अंश सेल्सिअसपर्यंत वाढू शकते असे हवामानशास्त्रज्ञ धरतात. त्यामुळे ‘३८ अंशच आहे’ या वाक्यातील ‘च’ काढून टाकावा. त्यातही आर्द्रतेचा आकडा तापमानाइतकाच महत्त्वाचा आहे. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, अधिक तापली की ती आपल्याला थंड करण्याऐवजी तापवू लागते आणि मग घाम वाळणे हा शरीराजवळचा एकच उपाय उरतो. घाम नुसता येऊन उपयोग नसतो, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शरीराबाहेर जाते. तोच घाम थेंबांनी खाली गळला तर जवळजवळ काहीच जात नाही.

यामुळे कोरड्या आणि दमट प्रदेशांतली सहल वेगळी आखावी लागते. इजिप्तमधील लक्झर येथे उन्हाळ्यात दुपारी ४० अंशांच्या पुढे पारा जातो, परंतु हवा अतिशय कोरडी असल्यामुळे सावलीत बसताच बरे वाटते. तेथील धोका असा की घाम येतो त्या क्षणी वाळतो, कपडे ओले होत नाहीत आणि अंगातले किती पाणी गेले याचा पत्ताच लागत नाही. कंबोडियातील अंगकोर येथे एप्रिलमध्ये पारा त्यापेक्षा खाली असतो, पण हवेत दमटपणा असतो. ३६ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता एकत्र आली की सावलीतही ४२ ते ४३ अंशांसारखे वाटते आणि सावलीत बसूनही अंग लवकर निवत नाही. म्हणून कोरड्या हवेत पाण्याच्या घोटांची वेळ घड्याळ लावून पाळावी, तर दमट हवेत चालण्याचा वेग आणि एकूण अंतर दोन्ही कमी करावे व वारा लागेल अशी विश्रांतीची जागा शोधावी. अंदाजात रात्रीचे किमान तापमानही पाहावे. रात्र गार असेल तर शरीर दुसऱ्या दिवसासाठी सावरते. रात्रीही उकडत राहिले तर आदल्या दिवसाचा शीण तसाच पुढे जातो आणि तिसऱ्या दिवशी, बहुधा अगदी साध्या चढावर, त्याचा परिणाम दिसतो. राहण्याची खोली निवडताना इतर कोणत्याही सोयीपेक्षा ती रात्री थंड राहते का, हे मी आधी विचारतो.

घड्याळाबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ‘बारा ते तीन ऊन टाळा’ हा सल्ला सगळीकडे सारखा लागू पडत नाही, कारण घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा एकाच वेळी वाजत नाहीत. हंपीला सूर्य साधारण सव्वाबारा ते साडेबाराच्या सुमारास सर्वांत वर येतो. अथेन्सला उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केलेली असतात आणि शहरही आपल्या कालविभागाच्या मध्यरेषेपासून पश्चिमेला आहे. त्यामुळे जुलैत तेथे माध्यान्ह होते ती जवळजवळ दीड वाजता. हवेचे तापमान तर माध्यान्हीनंतरही काही तास वाढतच राहते, म्हणून अथेन्सला दुपारी चार वाजता ‘ऊन उतरले असेल’ अशा समजुतीने बाहेर पडणारा पर्यटक दिवसाच्या सर्वांत तप्त वेळेत बाहेर पडत असतो. जाण्यापूर्वी त्या गावचा सूर्योदय आणि सूर्यास्त पाहून दोहोंचा मध्य काढावा. तीच तुमची खरी माध्यान्ह. ऐनवेळी अंदाज घेण्यासाठी स्वतःच्या सावलीकडे पाहावे. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली की सूर्य ४५ अंशांच्या वर आला आहे आणि अतिनील किरणे तीव्र झाली आहेत असे समजावे.

सावलीच्या लांबीचा हिशेबही याच ओघात करता येतो. जूनच्या उत्तरार्धात अथेन्सला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७५ अंश वर असतो, तेव्हा तीन मीटर उंच भिंतीची सावली जेमतेम पाऊण मीटर पडते. एक माणूस भिंतीला पाठ लावून उभा राहील एवढीच. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रदेशात तर वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर येतो. हंपीला हे एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी आणि पुन्हा ऑगस्टच्या मध्यास घडते, आणि त्या दिवसांत दुपारी उभ्या भिंतीची सावली मिळतच नाही. तेव्हा छत असलेलीच जागा हवी. नकाशावर स्थळाची आखणी करताना मी छत असलेल्या जागा आधी खुणावतो: मंडप, कमानी, ओवऱ्या, मोठी झाडे, संरक्षणासाठी बांधलेली नवी छपरे. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतचे अंतर तुमच्या आईंच्या चालीने दहा मिनिटांपेक्षा जास्त होत असेल तर तो टप्पा फक्त सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत ठेवावा.

वास्तूचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावरून क्रम ठरवावा, आणि येथे माझा सल्ला छायाचित्रकारांच्या सल्ल्याच्या नेमका उलट आहे. दर्शनी भागावर ऊन असताना चित्र चांगले येते, पण त्याच उन्हात तुम्हालाही उभे राहावे लागते. अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे. सकाळी सूर्य मंदिराच्या मागे असतो आणि पुढची बाजू निवांत पाहता येते. तुर्कस्तानातील इफेससच्या सेल्सस ग्रंथालयाचे तोंड पूर्वेला आहे, कारण वाचणाऱ्यांना सकाळचा उजेड मिळावा. म्हणून त्याच्या पुढ्यात दिवस कलल्यावर सावली येते. जॉर्डनमधील पेट्राच्या प्रसिद्ध ‘खजिन्या’वर, म्हणजे कड्यात कोरलेल्या भव्य दर्शनी भागावर, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान ऊन येते आणि त्याच वेळी तेथे गर्दीही लोटते. चित्र थोडे कमी उजळ येईल, परंतु शिल्पांचे बारकावे सावलीतल्या समान उजेडात डोळ्यांना अधिक चांगले दिसतात, असे माझे प्रामाणिक मत आहे. ज्यांना कोरीव कामातील उठाव पाहायचा असेल त्यांनी मात्र सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन गाठावे.

परतीच्या चढाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण बहुतेक वेळा त्रास होतो तो जाताना नव्हे तर परतताना. पेट्राला प्रवेशद्वारापासून आत जाणारी वाट उताराची आहे. त्यातली अरुंद घळ, जिला ‘सिक’ म्हणतात, एकटीच सुमारे १.२ किलोमीटर लांबीची आहे. सकाळच्या गारव्यात, उत्सुकतेच्या भरात आणि उतारावर हे अंतर जाणवत नाही. परतताना तेच अंतर चढाचे होते, ऊन वर आलेले असते आणि पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झालेल्या असतात. तेथील मठापर्यंतच्या सुमारे ८०० पायऱ्या तर तुमच्या आईंनी उन्हाळ्यात मनातही आणू नयेत. याउलट इफेससला वरच्या आणि खालच्या बाजूला अशी दोन प्रवेशद्वारे आहेत. वरच्या दाराने शिरून खालच्या दाराने बाहेर पडल्यास संपूर्ण फेरी उताराची होते, एवढीच काय ती वाहनाची सोय आधी करावी लागते. प्रत्येक स्थळाबाबत हा एक प्रश्न अवश्य विचारावा: शेवटचा अर्धा तास चढाचा आहे का? असेल तर बाहेर पडण्याची वेळ एक तास अलीकडे आणावी. पाण्याचाही असाच नियम पाळावा. निम्मे पाणी संपले की, पाहणे कितीही बाकी असले तरी, मागे फिरावे.

प्रत्यक्ष दिवसाची आखणी मी अशी करतो. स्थळ उघडण्याच्या वेळी दारात हजर असावे आणि साडेदहाच्या सुमारास, फार तर अकराला, बाहेर पडावे. या तीन-साडेतीन तासांत एक मोठी वास्तू आणि दोन लहान वास्तू एवढेच बसते, आणि तेवढे पुरेसे असते. दुपार पूर्णपणे छपराखाली घालवावी. सूर्यास्तापूर्वीचे दीड-दोन तास पुन्हा बाहेर पडण्यासाठी वापरावेत, पण त्या वेळी दगडाच्या फरशीपासून दूर, झाडी किंवा पाण्याकाठचा भाग निवडावा, कारण दगडाने दिवसभर साठवलेली उष्णता सूर्य मावळल्यानंतरही बराच वेळ बाहेर पडत राहते. काही स्थळे अंधार पडल्यावरही खुली असतात. लक्झरचे मंदिर दिव्यांच्या उजेडात पाहता येते आणि उन्हाळ्यात ते तसेच पाहणे सर्वांत चांगले. सहलीच्या पहिल्या दिवशी यापेक्षाही कमी ठेवावे. उष्णतेची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, आणि गार प्रदेशातून किंवा वातानुकूलित दिनक्रमातून थेट आलेल्या माणसाला पहिले दोन-तीन दिवसच सर्वांत जोखमीचे असतात. दुर्दैवाने उत्साहही त्याच दिवसांत सर्वाधिक असतो.

दुपारसाठी माझी पहिली पसंती संग्रहालयाला असते, आणि ती केवळ गारव्यासाठी नाही. अनेक स्थळांवरील मूर्ती, शिल्पपट्ट आणि भित्तिचित्रे मूळ जागेवर राहिलेली नाहीत. इटलीतील पॉम्पेईच्या घरांतील उत्तमोत्तम चित्रे आणि अलेक्झांडरचे प्रसिद्ध कुट्टिमचित्र (मोझेक) नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. अथेन्सच्या अॅक्रोपोलिस टेकडीवरील अनेक मूळ शिल्पे पायथ्याच्या अॅक्रोपोलिस संग्रहालयात आहेत. ती आदल्या दुपारी पाहिली की दुसऱ्या दिवशी सकाळी उघड्या भिंतीसमोर उभे राहिल्यावर येथे काय होते हे डोळ्यांपुढे येते, मार्गदर्शकाचे बोलणे पटकन समजते आणि उन्हात थांबण्याचा वेळ आपोआप निम्म्यावर येतो. म्हणून संग्रहालय नेहमी आधी आणि अवशेष नंतर, असा क्रम ठेवावा. काही उत्खनने संपूर्ण छपराखाली आहेत, उदाहरणार्थ ग्रीसच्या सँटोरिनी बेटावरील अक्रोतिरी. इफेससमधील उतारावरील घरांवरही छप्पर आहे. अशा जागा भर दुपारसाठी राखून ठेवता येतात. भारतात पाटणच्या राणी की वावसारख्या बारवांत खाली उतरावे तसतसा गारवा वाढतो, पण वर चढून यायचे आहे हे तेथेही विसरू नये. प्रत्येक बंदिस्त जागा गार असते असे मात्र समजू नये. लक्झरच्या पश्चिम तीरावरील राजांच्या दरीतील थडग्यांत वारा नसतो, पर्यटकांच्या श्वासाने हवा दमट झालेली असते, आणि बाहेरच्या उन्हातून आत गेलेल्या वृद्ध माणसाला तेथे अधिकच घुसमटल्यासारखे होते. याउलट लक्झरच्याच कर्नाक मंदिराच्या १३४ खांबांच्या सभामंडपाचे छत गेले असले तरी खांब इतके जाड आणि इतके जवळजवळ आहेत की सकाळी तेथे भरपूर सावली मिळते.

पाण्याविषयी नेमके सांगायला हवे, कारण ‘भरपूर पाणी प्या’ हे वाक्य अपुरे आहे. उन्हात चालणाऱ्या प्रौढ माणसाच्या अंगातून तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर, पाणी घ्यावे. एकदम लिटरभर पिऊन मग दीड तास काहीच न घेणे बरे नव्हे. तासाला दीड लिटरपेक्षा जास्त पाणी पिऊ नये, कारण घामावाटे मीठही जात असते आणि नुसते पाणी अति झाले तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्याची डोकेदुखी, मळमळ आणि गोंधळलेपणा ही लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच दिसत असल्यामुळे लोक अशा वेळी आणखी पाणी पाजतात आणि प्रकृती अधिक बिघडते. सकाळच्या तीन तासांसाठी प्रत्येक मोठ्या माणसामागे दोन लिटर आणि मुलासाठी किमान एक लिटर पाणी सोबत असावे. जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, मीठ त्याहून अधिक घालू नये. लघवीचा रंग फिकट पिवळा असणे ही पुरेसे पाणी पोटात जात असल्याची सर्वांत सोपी खूण आहे.

तुमच्या आईंच्या बाबतीत हा सल्ला जसाच्या तसा लागू करू नये. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो आणि त्वचेकडे जास्त रक्त पाठवण्याचा भार हृदयाला पेलणे कठीण जाते. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीचे प्रमाण वाढवतात, काही हृदयाची गती वाढू देत नाहीत. सर्दी-अॅलर्जीच्या काही औषधांमुळे आणि मानसिक आजारांवरील काही औषधांमुळेही घामावर किंवा उष्णता सोसण्यावर परिणाम होतो. म्हणून निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: या गोळ्या घेत असताना उन्हात किती चालावे, दिवसाला किती पाणी आणि किती मीठ चालेल, आणि सहलीच्या काळात मात्रेत काही बदल हवा का. स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे किंवा कमी करणे हे उन्हापेक्षाही घातक ठरू शकते. औषधे तापलेल्या गाडीत ठेवू नयेत. आणखी एक सूचना मी आग्रहाने करतो. सगळ्यांचा विरस होऊ नये म्हणून आपल्या पिढीतील अनेक आया ‘मी ठीक आहे’ म्हणत चालत राहतात. तेव्हा त्यांनी थकल्याचे सांगण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी सर्वांनीच सावलीत बसायचे, हा नियम निघण्यापूर्वीच ठरवून टाकावा. बसणे हा कार्यक्रमाचाच भाग असला म्हणजे कोणालाही आपण अडथळा आहोत असे वाटत नाही, आणि बसून पाहिलेला खांब उभ्याने पाहिलेल्या खांबापेक्षा अधिक लक्षात राहतो.

मुलाची अडचण वेगळी असते. तो पळतो, मोठ्यांपेक्षा जमिनीच्या जवळ असल्यामुळे तापलेल्या फरशीची झळ त्याला जास्त लागते, आणि खेळाच्या भरात तहान लागल्याचे सांगत नाही. त्याला स्वतःची बाटली द्यावी आणि ती कोणत्या ठिकाणापर्यंत संपवायची ते ठरवून द्यावे. दगडांच्या फटींत हात घालू नये आणि पडक्या भिंतींवर चढू नये हेही त्याला आधीच बजावावे. तेथे विंचू-साप सावलीला बसलेले असू शकतात, आणि चढण्याने त्या भिंतीचेही नुकसान होते.

कपडे सैल, सुती किंवा तत्सम, फिक्या रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे असावेत. उघडी त्वचा गार राहते हा समज चुकीचा आहे; थेट ऊन त्वचेवर पडण्यापेक्षा सैल कापडावर पडलेले बरे, आणि अंगकोरसारख्या ठिकाणी खांदे व गुडघे झाकलेले असणे हा नियमच आहे. रुंद काठाची टोपी हवीच, पण मी त्याहून छत्रीला अधिक महत्त्व देतो, कारण छत्रीखाली हवा खेळते आणि ती थांबण्याच्या जागी दोघांना पुरते. पांढऱ्या संगमरवरावरून ऊन खालूनही परावर्तित होते, तेव्हा हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही सनस्क्रीन लावावे व दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे. उंचावरील स्थळी हवा गार लागते म्हणून फसू नये. दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते, आणि मेक्सिकोतील तेओतिवाकान तर सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. पादत्राणे बंद आणि पकड असलेल्या तळव्यांची असावीत, कारण शतकानुशतकांच्या वर्दळीने गुळगुळीत झालेला संगमरवर कोरडा असतानाही घसरवतो. जेथे पूजा चालू आहे अशा मंदिरांत पादत्राणे काढावी लागतात, हे उन्हाळ्यात विसरून चालणार नाही. हंपीच्या विरूपाक्ष मंदिराचे उघडे दगडी अंगण दुपारी अनवाणी ओलांडणे म्हणजे पायांना चटके घेणे होय. म्यानमारमधील बागान येथे तर मंदिरांत मोजेही काढावे लागतात. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांना चटका बसल्याचे कळतही नाही, म्हणून अशी मंदिरे सकाळी सर्वांत आधी पाहून घ्यावीत.

तिकिटांबाबत थोडक्यात सांगतो. वेळ ठरवून दिलेली तिकिटे आता अनेक मोठ्या स्थळांवर आहेत; अॅक्रोपोलिसवर २०२३ पासून आणि पॉम्पेईला २०२४ च्या नोव्हेंबरपासून दिवसाला २०,००० पर्यटकांची मर्यादा आहे. सकाळची पहिली वेळ लवकर संपते, म्हणून प्रवासाचे तिकीट काढल्यावर लगेच तीच आरक्षित करावी. अॅक्रोपोलिस २०२३ च्या जुलैमधील उष्णतेच्या लाटेत दुपारी बंद ठेवावे लागले होते आणि नंतरच्या उन्हाळ्यांतही तसे घडले आहे. इस्रायलमधील मसादा या डोंगरी किल्ल्याची नागमोडी पायवाटही तीव्र उष्णतेच्या दिवशी बंद केली जाते. अशा सूचना आदल्या रात्री पाहाव्यात. तिकिटाची छापील प्रत जवळ ठेवावी, कारण फोन उन्हात तापून बंद पडतो. अॅपल कंपनी आयफोनच्या वापरासाठी ० ते ३५ अंश हीच मर्यादा सांगते.

आता सर्वांत महत्त्वाचे. त्रास सुरू झाल्याचे ओळखता आले पाहिजे. खूप घाम, डोके दुखणे, मळमळ, भोवळ, पोटरीत गोळे येणे, त्वचा ओलसर आणि फिकट पडणे ही उष्णतेने आलेल्या ग्लानीची लक्षणे आहेत. अशा वेळी सावलीत आडवे करावे, पाय थोडे उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि जलसंजीवनी घोटाघोटाने द्यावी. अर्ध्या तासात बरे वाटले तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात जाऊ नये. माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडचिडा झाला, तोल जाऊ लागला, आकडी आली किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा, घाम येत असला तरीही. घाम थांबल्याशिवाय उष्माघात होत नाही हा समज चुकीचा आहे. अशा वेळी शरीराच्या आतील तापमान बहुधा ४० अंशांच्या पुढे गेलेले असते आणि पहिला अर्धा तास निर्णायक असतो. एकाने तातडीच्या मदतीसाठी फोन करावा आणि इतरांनी त्याच क्षणी गार करण्यास सुरुवात करावी: जादा कपडे काढावेत, मिळेल तेवढे गार पाणी अंगावर ओतत राहावे, जोराने वारा घालावा, बर्फ मिळाल्यास मानेला, काखेत आणि जांघेत लावावा. वाहन येईपर्यंत आणि वाहनातही हे चालू ठेवावे. शुद्ध पूर्ण नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये आणि तापाची गोळी देऊ नये. हा ताप संसर्गाचा नसल्यामुळे तिचा उपयोग होत नाही.

राहिला प्रश्न कोणत्या दिवशी जाऊच नये याचा. पाकिस्तानातील मोहेंजोदारो येथे २६ मे २०१० रोजी ५३.५ अंश तापमान नोंदले गेले होते; अशा प्रदेशात मे-जून महिन्यांत लहान मुलाला आणि वृद्धांना नेण्याचे कोणतेही नियोजन मला सुरक्षित वाटत नाही, तेथे हिवाळ्यातच जावे. इतर ठिकाणी, तुमच्यासारख्या कुटुंबासाठी, मी स्वतः ही मर्यादा पाळतो: कोरड्या प्रदेशात दुपारचा अंदाज ४३ अंशांच्या पुढे किंवा दमट प्रदेशात ३८ च्या पुढे असेल, सलग दोन रात्री पारा ३० च्या खाली उतरला नसेल, किंवा आईंना आदल्या दिवशी जुलाब, ताप किंवा निद्रानाश झाला असेल, तर सकाळचा बाहेरचा कार्यक्रमही रद्द करावा. म्हणून पाच दिवसांच्या सहलीत एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवावा आणि मुख्य स्थळ दुसऱ्या किंवा तिसऱ्या सकाळी घ्यावे, म्हणजे ते एका दिवसाने पुढे ढकलण्याची सोय राहते. तुमच्याकडे दोन मोठी स्थळे पाहण्याचा विचार असेल तर त्यांतले एक निवडावे आणि त्याच्याजवळच मुक्काम करावा. रोज दोन तास गाडीने जाण्यात पहाटेचे थंड तास वाया जातात, आणि मुक्काम जवळ असला तर आईंना नऊ वाजता परत पाठवून मुलाबरोबर आणखी तासभर थांबणेही तुम्हाला शक्य होते.